पिग्मीची पिशवी आणि अर्धवट राहिलेलं बीकॉम

पत्र थोडक्यात असं आहे. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरची मैत्रीण, वय २४. बारावी कॉमर्स झाली, एफवाय बीकॉमला असताना वडील आजारी पडले, ते बोटीवर खलाशी होते, घरात येणारा पैसा थांबला आणि कॉलेज सुटलं. गेली चार वर्षं ती एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी ठेव, गोळा करते, जवळपास १४० खाती आहेत, मासेवाल्या, टपऱ्या, किराणा, वडापाव, दोन-चार होमस्टेवाले. तिला छोट्या धंद्यांना कर्ज देण्याच्या कामातच पुढे जायचंय. एका मायक्रोफायनान्स कंपनीने, म्हणजे गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीने, फील्ड ऑफिसरची नोकरी देऊ केलीय, पोस्टिंग चिपळूणकडे. तालुक्यातला एक लोन एजंट म्हणतो तुझी एवढी ओळख आहे तर माझ्याबरोबर ये, मुद्रा लोनच्या केस करू, केसमागे कमिशन. विरारचा भाऊ म्हणतो डिग्रीशिवाय बँकेत कुणी उभं करणार नाही, इकडे ये, कुठेतरी ऑफिसात चिकटवतो. ती विचारते, आधी डिग्री पूर्ण करू का, नाहीतर या लाईनमधे माझं काही होईल का, मला लोकांना लोन मिळवून द्यायचंय, त्यांचं भलं व्हावं एवढीच इच्छा आहे. आणि जाता जाता एक गोष्ट लिहिते: एक मासेवाली मावशी कर्जाचे रोजचे शंभर रुपये भरायची, जूनमधे थांबली, ऑफिसात नोटीस काढायचं बोलणं सुरू झालं, हिने सांगितलं थांबा, नारळी पौर्णिमा होऊन मासळी यायला लागली की ती दोनशेने भरेल. आणि मावशीने भरले.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. डिग्री हा शब्द पत्रभर आहे आणि मावशीची गोष्ट साडेतीन ओळींत उरकलीयस, जणू ती तू सांगायची म्हणून सांगितलीस. मला विचारशील तर तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या साडेतीन ओळींत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हर्णैच्या बंदरावर लिलाव नाही म्हणजे मावशीच्या टोपलीत मासळी नाही, सुकी मासळी विकून घर चालतं, त्यात कर्जाचे शंभर कुठून निघणार. हे तुला कुणी शिकवलं नाही, तू त्या बाजारात रोज फिरतेस म्हणून तुला माहितीये. थकलेली आणि बुडवणारी यातला फरक ओळखणं हे कर्ज देणाऱ्याचं मुख्य काम, बाकी सगळं फॉर्म भरणं. मी स्वतः बारावीवर पतसंस्थेत चिकटले आणि कर्ज विभागात पुढची बरीच वर्षं काढली, म्हणून हे खात्रीने सांगते.

आता डिग्रीचं खरं खरं सांगते, गोड करून नाही. सरकारी बँकांच्या आयबीपीएसच्या परीक्षांना, क्लार्क असो की पीओ म्हणजे अधिकारी, पदवी लागते म्हणजे लागते. तिथे तुझी चार वर्षांची पिग्मी कुणी मोजणार नाही. शिवाय वयाची अट असते, क्लार्कला साधारण २८ आणि पीओला ३०, राखीव गटांना सवलत असते. तर ते दार आज बंद आहे आणि भाऊ एवढ्यापुरता बरोबर बोलतोय. पण छोट्या धंद्यांना कर्ज फक्त सरकारी बँकेतून मिळतं असं त्याने गृहीत धरलंय आणि तूही धरलंयस. तुझ्या १४० खात्यांपैकी कितीजणांनी गेल्या पाच वर्षांत सरकारी बँकेतून धंद्याचं लोन घेतलं, आठवून बघ. बाकीच्यांनी कुठून घेतलं? पतसंस्था, मायक्रोफायनान्सचा गट, बचत गट, सोनं गहाण, नाहीतर खाजगीत कुणाकडून. यातल्या पहिल्या तीन ठिकाणी बारावी पास माणसं काम करतात, आणि तिथे आधी विचारतात की गाडी चालवता येते का, हिशोब नीट आहे का, गावात नाव कसं आहे.

डिग्रीची अडचण पुढे येते. चार-पाच वर्षांनी ब्रँच मॅनेजर व्हायची वेळ येते, किंवा फील्डवरून कर्ज मंजुरीच्या टेबलावर जायचं असतं, तेव्हा एचआरवाला फाईल उघडून विचारतो ग्रॅज्युएशन कुठाय. माझ्याबरोबरच्या दोघीजणी तिथेच अडकल्या, कामात माझ्यापेक्षा सरस होत्या. म्हणून डिग्री कर, पण तिच्यासाठी काम थांबवू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीकॉम नोकरी करत होतं, मी तसंच केलं, तिसाव्या वर्षानंतर. जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन आधी एवढंच विचार की एफवायचे पास झालेले विषय धरतात का, मार्कशीट घेऊन जा. काही धरलं तर चांगलंच, नाही धरलं तरी रडत बसू नकोस, तीन वर्षं नाहीतरी जाणारच आहेत.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते दुसऱ्या वाक्याबद्दल, लोकांना लोन मिळवून द्यायचं, त्यांचं भलं व्हावं. तुझ्या वयाची असताना मी पण हेच म्हणायचे.

आमच्या पतसंस्थेत एक आंबेवाला होता, देवगडकडचा, साठेक कलमं. फवारणीचा पंप आणि औषधं-खतं यासाठी कर्ज मागायला आला. माणूस प्रामाणिक, जामीनदार चांगले, मी शिफारस केली, दीड वर्षाचं कर्ज, दर महिन्याला सारखा हप्ता. पहिल्या हप्त्यापासून वेळेवर. माझ्या रजिस्टरला सगळ्यात नियमित खातं त्याचं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तू किनाऱ्यावरची आहेस, तुला लगेच दिसेल मला काय दिसलं नाही ते. आंब्याचा पैसा येतो मार्च-एप्रिल-मे मधे. पावसाळ्यात खत आणि मोहोर यावा म्हणून कल्टार, नोव्हेंबरपासून मोहोराच्या फवारण्या, तुडतुड्याची कीड आली की परत फवारणी, म्हणजे नऊ महिने पैसा नुसता जातो. तर हा माणूस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते भरत कुठून होता? वाशीच्या फळबाजारातल्या दलालाकडून आगाऊ उचल घेऊन. उचल घेतली म्हणजे माल त्यालाच घालायचा, तो लावेल त्या भावाने, वर कमिशन. सीझनला पेट्या गेल्या, उचल कापून हातात काहीच नाही, की परत उचल. दोन वर्षं असं चाललं, तिसऱ्या वर्षी त्याने कलमं कराराने दुसऱ्याला दिली आणि स्वतःच्याच बागेत राखणीला राहिला. आमचं कर्ज पूर्ण फिटलं. कागदावर ती माझी यशस्वी केस होती.

तेच कर्ज मी मे महिन्यात मोठा हप्ता आणि बाकी वर्षभर नुसतं व्याज असं बसवून दिलं असतं तर? पतसंस्थेच्या नियमात ते बसत होतं, मला सुचलं नाही कारण फॉर्मवर मासिक हप्ता असं छापलेलं होतं. किंवा मी त्याला निम्मीच रक्कम दिली असती, तर तो त्या दिवशी माझ्यावर रागावला असता. कर्ज देणाऱ्याला कमी देता यावं लागतं, आणि नाही म्हणता यावं लागतं, तेही ओळखीच्या माणसाला, जिच्याकडे आपण रोज चहा पितो तिला. तुला हे जमेल का, हा प्रश्न मला डिग्रीपेक्षा मोठा वाटतो. आज १४० जण तुझ्याकडे हसून बघतात कारण तू त्यांचे पैसे जमा करतेस. उद्या कर्जाच्या बाजूला गेलीस की त्यातले काही जण तुला बघून दुकानाच्या मागच्या दाराने जातील. त्याची मनाची तयारी कर.

आता तुझ्यापुढच्या रस्त्यांबद्दल.

लोन एजंटला सरळ नाही सांग. मुद्रा योजनेत कुठलाही एजंट किंवा मध्यस्थ नेमलेला नाही हे मुद्राने स्वतःच जाहीर केलेलं आहे. अर्ज थेट बँकेत करायचा असतो, ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुणचं कर्ज व्यवस्थित फेडलेल्याला २०२४ च्या बजेटनंतर २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही, शिशुला बहुतेक बँका प्रोसेसिंग फी पण घेत नाहीत. मग हा माणूस केसमागे कमिशन घेतो ते कुणाकडून? टपरीवाल्याकडूनच, त्याच्या कर्जाच्या पैशातून. केस झाली नाही तरी फाईलचे म्हणून आधी घेतलेले परत मिळत नाहीत, आणि तेव्हा लोक त्याला शोधणार नाहीत, तुला शोधतील, कारण ओळख तुझी वापरलेली असेल. बँकेने लेखी करार करून नेमलेला एजंट वेगळा, त्याला बँक पैसे देते, कर्जदार देत नाही. तुला हिशोबाचे कागद, उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी वगैरे करून द्यायचं असेल तर बोर्ड लावून, ठरलेले पैसे घेऊन, पावती देऊन कर, उद्यम नोंदणीला सरकारी फी शून्य आहे हे समोरच्याला सांगून कर. त्यात कमीपणा काही नाही.

आणि एक, हे तू विचारलं नाहीस पण विचारायच्या आत सांगते कारण पिग्मीवाल्या मुलांच्या डोक्यात हे हमखास येतं: स्वतःची थोडी शिल्लक व्याजाने फिरवायची. करू नकोस. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन्स नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे, जेल होऊ शकते.

मायक्रोफायनान्सच्या नोकरीबद्दल लोक घाबरवतात तेवढी ती वाईट नाही आणि कंपनीवाले इंटरव्ह्यूला सांगतात तेवढी सोपी पण नाही. सकाळी लवकर सेंटर मीटिंग, वाडीत कुणाच्यातरी पडवीत बायका जमणार, हप्ता घ्यायचा, एकीचा कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा, मग दुपारी नवीन घरांची चौकशी, संध्याकाळी राहिलेल्यांच्या दारात, वर महिन्याचं टार्गेट. वर्षभरात जेवढी घरं बघशील तेवढी बँकेतला माणूस दहा वर्षांत बघत नाही, शिकायला यासारखं काही नाही. पण जॉईन व्हायच्या आधी रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम पाठ कर. हे कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, तारण न घेता. त्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ तर नाहीच. आणि मग इंटरव्ह्यूला त्यांना विचार, नम्रपणे पण विचारच: एखादीचा हप्ता आला नाही तर तो माझ्या पगारातून किंवा खिशातून भरायला लावता का? रोकड घेऊन मी परतते तेव्हा वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची? पेट्रोल किती देता? शेवटची मीटिंग किती वाजता संपते आणि तिथून मी कशी परत येणार, पावसात चिपळूणकडचे रस्ते काय असतात तुला माहितीये. घराचं उत्पन्न फॉर्मवर कोण लिहितं, मी का ऑफिसात बसलेला कुणी? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर मी तिथे जाणार नाही, कारण मग तू नुसती हप्ते गोळा करणारी होणार, आणि गोळा करणं तुला येतंच, त्यासाठी घर सोडायची गरज नाही.

पण मायक्रोफायनान्सला हो म्हणायच्या आधी तू एक दार वाजवलेलंच नाहीस, तुझी स्वतःची पतसंस्था. चार वर्षं तू त्यांना ठेवी आणून देतेस, मॅनेजरला कधी विचारलंस का की मला कर्ज चौकशीला घ्या? लेखी दे. लिही की माझ्या लाईनमधल्या कर्ज अर्जांची स्थळ पाहणी मी करते, पिग्मी चालू ठेवून, सहा महिने बघा. त्यांना फुकटात चांगला चौकशी अहवाल मिळतो आणि तुला अनुभव कागदावर मिळतो. फक्त त्याआधी संस्थेचा ऑडिट वर्ग, म्हणजे हिशोब तपासणीत मिळालेला दर्जा, बघ, वार्षिक सभेच्या अहवालात असतो, थकबाकीचं प्रमाण बघ, संचालकांच्याच नातेवाईकांना मोठी कर्जं गेलीत का ते बघ. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, तुझ्या मावशांचे पैसे तिथे आहेत, तर हे तुला नाहीतरी माहीत असायला हवं. माझं मत असं की संस्था बरी असेल आणि त्यांनी घेतलं तर तिथेच रहा. गणपतीपर्यंत उत्तर आलं नाही तर चिपळूणची नोकरी घे आणि मग दोन वर्षं तरी सोडू नकोस, सहा महिन्यांत सोडणाऱ्यांची त्या लाईनमधे रांग लागलेली असते आणि पुढचा मॅनेजर बायोडाटात तेच बघतो.

शिकायचं काय? व्याजाचं गणित, सगळ्यात आधी. ५० हजार, १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षं. व्याज १२ हजार, एकूण ६२ हजार, हप्ता साधारण २,५८३. ऐकायला बारा टक्के, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर लावलेलं, म्हणून घटत्या शिलकीने काढलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास बसतो. हे कुठल्याही कर्जदाराला दोन मिनिटांत त्याच्याच भाषेत समजावता आलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जांवर की फॅक्ट स्टेटमेंट म्हणून एक कागद द्यावाच लागतो, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, दोन-तीन मिळव आणि वाचायची सवय लाव. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढ, चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिल त्यातली एक, बाकी एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तो वाचलास की कळेल त्यात काय असतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नसतं. दलालाची उचल नसते. सोनाराकडचं गहाण नसतं. भावाकडून उसने घेतलेले नसतात. ते तुला पडवीत बसून विचारूनच काढावं लागतं.

आयआयबीएफ ही बँकिंगच्या परीक्षा घेणारी संस्था, तिची बिझनेस करस्पॉन्डंटची, म्हणजे बँकेच्या वतीने गावात काम करणाऱ्यांची परीक्षा आहे, त्या परीक्षेला डिग्री लागत नाही, ती देऊन ठेव. एमएस-सीआयटी झालं नसेल तर ते कर, एक्सेल नीट शीक. आणि सरकारी योजना वाच, कारण निम्मे लोक चुकीच्या ठिकाणी महागडं कर्ज घेतात. पीएमईजीपी या नवीन धंद्यासाठीच्या केंद्राच्या योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटाला ३५ टक्के अनुदान असतं. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेत ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत मिळतात, आणि त्यातल्या १८ कामांमधे होडी बांधणारे आणि मासळीची जाळी विणणारे पण आहेत, तुझ्या पट्ट्यात किती घरं अशी आहेत सांग बरं. त्यांना कुणी सांगितलंय का हे?

अशीच पत्रं मला बचत गटाच्या सचिव बायकांची येतात, सीएससी म्हणजे गावातलं सरकारी सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलांची पण येतात, त्यांना पण हेच सांगणं आहे. गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या बचत गट अभियानाच्या, तालुका ऑफिसात बँक सखीचं विचारा, बँकेच्या ब्रँचमधे बसून गटांची कर्ज प्रकरणं करायला मिळतात, मानधन कमी असतं पण मॅनेजर तुम्हाला रोज बघतो.

भावावर चिडू नकोस. २०२० चं निसर्ग वादळ त्याने पण बघितलंय ना, ३ जूनला ते आलं आणि अर्ध्या दिवसात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पोफळ परत लावली तर उत्पन्नाला पाच-सात वर्षं जातात, त्याला वाटतं इथे राहून कुणाचं काय होणार. त्याची काळजी खरी आहे. पण तेव्हा ज्या कर्ज देणाऱ्यांनी बागेत जाऊन बघितलं, हप्ते पुढे ढकलले, त्यांचीच कर्जं नंतर परत आली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा दिली होती, व्याज चालूच होतं, आणि ते व्याज चालू आहे हे कितीतरी लोकांना कुणी सांगितलंच नाही, नंतर मुदत वाढलेली बघून भांडणं झाली. गावात तेव्हा तुझ्यासारखी एखादी असती तर दारोदार जाऊन सांगितलं असतं.

आता उद्यापासून काय करायचं ते सांगते. शंभर पानी वही घे. १४० मधली वीस खाती निवड, वेगवेगळ्या धंद्यांची, प्रत्येकाला एक पान, पानावर बारा महिने. कुठल्या महिन्यात पैसा येतो, कुठल्या महिन्यात जातो, माल कुणाकडून उधार घेतात, किती दिवसांनी देतात, घरात अजून कोण कमावतं, मुंबईहून किती येतात, शाळेची फी कधी, शिमग्याला आणि गणपतीला किती उडतात. कुणाचं नाव लिहू नकोस, नंबर दे, वही घरीच ठेव, ती लोकांची खाजगी गोष्ट आहे. होमस्टेवाल्याचं मे आणि डिसेंबर भरलेलं दिसेल आणि जुलै कोरा, किराणावाल्याचं वेगळं, पावसात उधारी वाढते आणि ती दिवाळीला पण येत नाही. मग प्रत्येक पानाखाली लिही, मी याला किती कर्ज देईन, हप्ता कुठल्या महिन्यांत ठेवीन, आणि देणार नसेन तर का. वीस पानं झाली की त्यातली तीन चांगली निवडून, नंबर पण काढून टाकून, स्वच्छ अक्षरात उतरव आणि मॅनेजरकडे जो अर्ज देशील त्याला जोड. मावशीचं पान पहिलं ठेव, आणि तिला विचार जूनआधी सुकवायला किती मासळी घेते आणि ते पैसे कुठून आणते, मला वाटतं तिथे अजून एक कर्ज लपलेलं असणार.